आबाजीच्या पेटीतला जुना टोपोशीट: नवेगाव बांध आहे, इटियाडोह नाही

बोडीकाठचा
नमस्कार मंडळी. दिवाळीत घराची साफसफाई करताना आबाजीची पत्र्याची पेटी उघडली. आबाजी जंगल खात्यात गार्ड होते, वारून बरीच वर्षं झाली, पेटीला कोनी हात लावला नव्हता. आत कुऱ्हाडीचा दांडा, दोन वह्या, एक शिट्टी आन कापडावर चिकटवलेला घडीचा सरकारी सर्व्हेचा नकाशा, टोपोशीट म्हणतात तो. उघडला त बाप्पा, आमचा पुरा इलाका! नवेगावचा तलाव निळाशार, बाजूनं टेकड्यांच्या तपकिरी रेषा, रेल्वे, बारके बारके तलाव त इतके की मोजता मोजता डोरे दुखले. स्केल लिहिलंय एक इंच म्हणजे एक मैल. वर कोपऱ्यात 64 डी/1 असा नंबर. साल जिथं असते तो खालचा कोपरा वाळवीनं खाल्ला, वरचं हेडिंगबी अर्धंच उरलं, "सेंट्रल प्रॉव्हिन्सेस" एवढंच वाचता येते, त्याच्या पुढं भोक.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हा नकाशा कोणत्या सालचा असंल? दोन, याच्यावर पेन्सिलीनं बारीक बारीक फुल्या मारल्या आहेत, वीस-बावीस असतील, जंगलात जास्त, त्या कायच्या? आन तीन, आमच्या गावाच्या बाजूला या नकाशात एक बोडी, म्हणजे बारका तलाव, दाखवली आहे जी आज नाहीच, तिथं धानाच्या बांध्या आहेत. बोडी गेली कुठं? मले आपलं वाटते की शेजारच्यानं बुजवून खाल्ली, पण आधी पक्कं करतो आन मग बोलतो.

नकाशेखोर
भाऊ, जॅकपॉट लागला तुम्हाला. नंबरावरून सांगतो आधी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत 64 म्हणजे पूर्व रेखांश 80 ते 84 आणि उत्तर अक्षांश 20 ते 24 असा मोठा चौकोन. त्याचे ए पासून पी पर्यंत सोळा भाग, प्रत्येक एक अंशाचा, वरून खाली मोजत जायचं, म्हणजे डी हा पहिल्या उभ्या रांगेतला सगळ्यात खालचा. त्याचे परत सोळा भाग, त्यातला 1 म्हणजे वरचा डावा. म्हणून 64 डी/1 म्हणजे 80 अंश ते 80 अंश 15 मिनिटं, आणि 20 अंश 45 मिनिटं ते 21 अंश. साधारण 26 बाय 28 किलोमीटरचा तुकडा. नवेगाव बांध त्यात बरोबर बसतो.

एक सांगा, गोठणगावजवळ इटियाडोहचा जलाशय दिसतो का?

बोडीकाठचा
नाही ना जी! तेच तर. गाढवी नदी सरळ वाहत जाऊन रायली, धरणाच्या जागी दोन टेकड्यांच्या मधून नुसती नदी आन आजूबाजूला जंगल, वर लिहिलंय "डेन्स मिक्स्ड जंगल, मेनली बांबू". मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं चुकीचाच नकाशा आहे, मी लहानपणापासून तिथं पाणीच पाहिलं.

नकाशेखोर
मग 1970 च्या आधीचा, कारण इटियाडोह धरण तेव्हाचं. पण आपण अजून मागं जाऊ शकतो. 26 जानेवारी 1950 ला प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, तुमच्यावर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आहे, म्हणजे त्याच्या आधीचा. आता ते भोक महत्त्वाचं. 1936 पासून अधिकृत नाव "सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार" होतं. भोकात "अँड बेरार" मावतं का ते बघा, नाव मधोमध छापलेलं असतं, त्यामुळं उजवीकडं किती जागा आहे त्यावरून अंदाज येईल.

गोंदियाची_सून
हा प्रकार भारी आहे, वाळवीच्या भोकावरून इतिहास 😄 मला एक सांगा, आमचा तर गोंदिया जिल्हा आहे, नकाशावर काय लिहिलंय?

बोडीकाठचा
भंडारा. अर्थात.

झाडीचा_मास्तर
अर्थातच, गोंदिया 1 मे 1999 ला वेगळा झाला. पोरं विचारतात तेव्हा सांगावं लागतं की तुमच्या आजोबांचा जिल्हा वेगळा, बाबांचं राज्य वेगळं. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, मग 1960 ला महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही.

रेल्वे कशी दाखवली आहे? आमच्या लहानपणी गोंदियावरून चांद्याकडं (म्हणजे चंद्रपूरकडं) जाणारी छोटी गाडी होती, नॅरोगेज, देवलगाव स्टेशनवर उतरून नवेगावला जायचं. गाडी इतकी हळू की पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढत असं आमचे वडील सांगत, मी स्वतः कधी पाहिलं नाही पण मलाही सांगायला आवडतं.

बोडीकाठचा
रेल्वे आहे, बारीक, आडव्या काड्या मारलेली, बाजूला इंग्रजीत नॅरो गेज लिहिलंय. देवलगाव आहे. भोकाचं मोजलं नकाशेखोर भाऊ, उजवीकडं जागा भलतीच उरते, "अँड बेरार" नाही धरलं तर हेडिंग मधोमध येत नाही, म्हणजे मले वाटते ते असलंच पाहिजे. पण कापड आखडलं आहे, खात्री देत नाही.

नकाशेखोर
मग 1936 ते 1950 मधली छपाई धरून चाला. मात्र एक लक्षात ठेवा, छपाईचं साल आणि सर्व्हेचं साल वेगळं असतं. जुना सर्व्हे घेऊन रस्ते आणि रेल्वे तेवढी दुरुस्त करून नवीन आवृत्ती काढायचे, त्यामुळं तलाव आणि जंगल त्याच्याही वीस-तीस वर्षं आधीचं असू शकतं. वर्ष तिथंच छापलेलं असतं जिथं तुमची वाळवी जेवली.

हिंगणघाटी
धाग्यात थोडं आडवं घुसतो, माफी. नकाशाचा विषय निघाला आणि विदर्भ निघाला की मला आमचं हिंगणघाट आठवतं. ज्या विल्यम लॅम्बटननं 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानाचा त्रिकोणमितीय सर्व्हे चालू केला, तो माणूस 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला. हैदराबादवरून नागपूरकडं निघाला होता, वय सत्तरीच्या आसपास, क्षयाचा त्रास. कबर आमच्याकडंच आहे. गावात दहा जणांना विचारा, एकाला माहीत असेल तर नशीब. त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडं गेलं आणि शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. लॅम्बटनला काय मिळालं तर आमच्या गावची माती.

गोंदियाची_सून
हे खरंच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी वर्ध्याला आले की बघते.

मामातलाव
आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयावर येऊ द्या. त्या बारक्या बारक्या निळ्या ठिपक्यांवर. ते बघा, प्रत्येक तलावाच्या एका बाजूला जाड काळी रेघ असेल, तिला बारीक दात असतील, ती पाळ, म्हणजे तलावाचा बांध. आणि पाळीच्या शेजारी "8 आर" किंवा "12 आर" असे आकडे असतील तर ती पाळीची आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची आहे, तेव्हाच्या नकाशात फुटात. म्हणजे त्या शीटवरून तुम्हाला कोणत्या तलावाची पाळ तेव्हा किती उंच होती हे सांगता येतं! आज ती मोजा आणि फरक बघा, रडू येईल.

हे सगळे मालगुजारी तलाव, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. कोहळी लोकांनी बांधलेले बहुतेक. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी अशी पद्धत होती म्हणतात की ज्यानं तलाव बांधला त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन. नवेगाव बांध तर कोलू पाटील कोहळीनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात, अकराएक चौरस किलोमीटरचा तलाव, आणि बांध म्हणाल तर दोन टेकड्यांच्या मधली फट बुजवली, बाकी भिंती निसर्गानंच दिल्या. आजूबाजूच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, त्यांनी कोलूला मदत केली अशी कथा. कोलू पुढं कोलासूर देव झाला. कंत्राटदार देव झालेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव पडलं माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत मिळून पावणेसात हजारांच्या वर. मालगुजार काही संत नव्हते, वेठबिगारीनं पाळीवर माती टाकून घ्यायचे, पण टाकली जायची. नंतर ना मालगुजार राहिला ना गावाला वाटलं की हे आपलं. गाळ साचला, तुडुम फुटले, बेशरमाची झुडपं वाढली.

मुंबईत_अडकलेला
तुडुम म्हणजे? (मूळ साकोलीकडचा, पण तिसरीतच मुंबईला आलो, माफ करा)

मामातलाव
पाळीत बसवलेलं पाणी सोडायचं दार. एकावर एक भोकं, वरचं भोक आधी उघडायचं, पाणी उतरलं की त्याच्या खालचं. लाकडी खुंट्या ठोकून बंद करायचे. पाणी सोडायला गावानं माणूस ठेवलेला असायचा, त्याला धान मिळायचं. तुम्हाला साकोली त्या शीटवर नाही सापडणार हो, ती 21 अंशाच्या वर आहे, वेगळी शीट.

बोडीकाठचा
आकडे आहेत! नवेगावच्या बाजूला नाही वाचता येत पण बाकीच्यांना आहेत. आमच्या बोडीला "6 आर". बोडी होती म्हणजे होती. आता पुढचं सांगतो. मी काल रात्री बसून नकाशाचा फोटो काढला, क्यूजीआयएस नावाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश नकाशावर छापलेले आहेतच, ते भरले आन खाली सॅटेलाइट इमेज लावली. एकदम मस्त बसलं, आन बोडी पडली कुठं? शेजारच्या काकाच्या वावरात, बरोबर मधोमध. मले जे वाटत होतं तेच निघालं. आता यायचा सातबारा काढतो आन ग्रामसभेत नकाशा ठेवतो. वनहक्काच्या कायद्यात जुने सरकारी नकाशे पुरावा म्हणून चालतात ना? कोनी सांगंल का?

ग्रामसभा_जिंदाबाद
चालतात. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे, त्यात नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे, गॅझेटिअर, सेटलमेंट रिपोर्ट, नकाशे, सॅटेलाइट इमेज सगळं आहे, आणि गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणंही आहे. पण भाऊ, तो कायदा वनजमिनीवरच्या हक्कांचा. तुमची बोडी जर खाजगी वावरात असेल तर तिथं तो लागत नाही, तिथं निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) आणि मिसल बंदोबस्ताचे (जुन्या जमीनमोजणीचे) कागद बघावे लागतील. आणि काकाशी आधी बोला ना राजा, नकाशा नंतर.

नकाशेखोर
थांबा थांबा थांबा. सातबारा नंतर काढा. कोपऱ्यांचे आकडे भरताना डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, कोणतं निवडलं?

बोडीकाठचा
जे आपोआप येते ते. डब्ल्यूजीएस 84. काऊन?

नकाशेखोर
तिथंच घोळ. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या गोलावर काढले आहेत, 1830 चं गणित. त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूर. आज मोबाइल आणि सॅटेलाइट वापरतात तो डब्ल्यूजीएस 84, पृथ्वीचा वेगळा आकार, वेगळं केंद्र. दोन्हीत "80 अंश 5 मिनिटं" असं लिहिलं तरी जमिनीवर ती एकच जागा नसते. आपल्या भागात पूर्व-पश्चिम फरकच दीडशे-एकशेसाठ मीटर. जुने आकडे तसेच भरले तर सगळं खऱ्या जागेपेक्षा पूर्वेला सरकतं. एका इंचाला एक मैल या स्केलवर एक मिलीमीटर म्हणजे जमिनीवर 63 मीटर, म्हणजे हा घोळ नकाशावर फक्त अडीच मिलीमीटरचा, म्हणून डोळ्याला "मस्त बसलं" असं वाटतं.

प्रोजेक्टमध्ये कल्याणपूर 1975 निवडून परत करा. आणि कापड आखडलंय म्हणालात, तर चार कोपऱ्यांवर भरवसा नको, मधे पाच-मिनिटांच्या रेषा जिथं छेदतात ते बिंदूही घ्या. नंतर अशा जागेवर तपासा जी हललेली नाही, रेल्वेचा पूल, देऊळ, टेकडीवरचा त्रिकोण (सर्व्हेची खूण).

झाडीचा_मास्तर
हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका साहेबाच्या गणितामुळं आज एका माणसाच्या वावरात बोडी जाते आणि दुसऱ्याच्या वावरातून येते.

हिंगणघाटी
बघा, मी उगाच नाही लॅम्बटन काढला.

गोंदियाची_सून
मग पूर्वेला सरकलेलं परत पश्चिमेला न्यायचं. भाऊ, काकाच्या वावराच्या पश्चिमेला कोणाचं वावर आहे? 👀

बोडीकाठचा
…

बोडीकाठचा
आमचं.

मुंबईत_अडकलेला
😂😂😂 मी ऑफिसमध्ये हसलो, लोक बघायला लागले.

मामातलाव
हसू नका, हे प्रत्येक गावात आहे. मी एक मात्र सांगतो, उलट्या बाजूनं. नकाशात तलाव आहे म्हणजे तो होता हे ठीक, पण नकाशात नाही म्हणजे नव्हता असं कोणी म्हणू नका. एका इंचात एक मैल मावतो, अर्ध्या एकराची बोडी त्यात जेमतेम ठिपक्याएवढी येते, सर्व्हेवाल्यानं सोडून दिली असेल. शिवाय पाऊस नसलेल्या महिन्यात आलेला माणूस कोरडी बोडी बघून शेतच समजेल. बाहेरून आलेला साहेब आणि त्याचे खलाशी जे चालून दिसलं ते काढत, गावाला विचारून नावं लिहीत, आणि ती नावंही कशी, आमच्या गावाचं नाव असं लिहिलंय की वाचून आमच्या आजीला ते तेलगू वाटेल.

देवधान
पहिल्यांदाच लिहून रायलो इथं. आमी ढिवर, मासोळी धरनारे लोक. तुमी सगळे तलाव पाहून रायले ते वरून, निळा रंग. आमाले तलाव आतून मालूम. कोनत्या तलावात कोनता खड्डा खोल, मरळ कुठं बसते, उन्हाऱ्यात पानी कुठं शेवटी राहते, देवधान, म्हंजे आपोआप येनारा जंगली धान, कुठं उगवते. ते कोनत्याच नकाशात नसते. गाळ काढाले मशीन येते, सगळा तलाव थाळीसारखा सपाट करून जाते, मंग मासोळी अंडी घालन कुठं? उथळ बाजू लागते ना गवताची. इपोमिया म्हंजे बेशरम उपटली आन पानवनस्पती परत लावल्या तवा आमच्याकडच्या काही तलावात देशी मासोळी परत आली, बायांनी चिखलात उभं राहून लावल्या.

बोडीकाठचा भाऊ, तुमच्या फुल्यायचं सांगतो. पेन्सिलनं मारल्या म्हंजे आबाजीनं मारल्या. जंगलात जास्त आहेत म्हंता. त्या नाल्यावर आहेत का पाहा.

बोडीकाठचा
हो, बहुतेक नाल्यावरच आहेत! काही तर जिथं नकाशात निळी रेघ संपून काळी होते तिथं.

नकाशेखोर
काळी रेघ म्हणजे कोरडा नाला, निळी म्हणजे बारमाही पाणी. इंटरेस्टिंग.

देवधान
मंग ते झिरे हायत. मे महिन्यात नाल्यात पानी दिसत नाइ, पन रेती हातभर उकरली की लागते. गार्डाले ते मालूम असनच लागे, जनावर तिथंच येते आन शिकारीबी तिथंच बसते. तुमच्या आजीले विचारा, हाय ना?

बोडीकाठचा
आजी आहे, नव्वदीची, कान कमी पण डोकं शाबूत. उद्या विचारतो.

कायदाबियदा
मधेच विचारतो, असा नकाशा नेटवर टाकायला काही अडचण नाही ना? पूर्वी म्हणे टोपोशीट मिळायला अर्ज करावा लागे.

ग्रामसभा_जिंदाबाद
सरकारी प्रकाशनाचा कॉपीराइट 60 वर्षं, हा 1950 च्या आधीचा असेल तर केव्हाच संपला. शिवाय 2021 मध्ये केंद्रानं नकाशांचे नियम बरेच मोकळे केले. 1:50,000 च्या नवीन ओपन सिरीज शीट तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून पीडीएफ मिळतात. त्यातली आजची शीट आणि तुमची जुनी शेजारी ठेवून बघा.

बोडीकाठचा
मंडळी, दोन दिवस उशीर झाला, धान कापणी चालू आहे.

आधी नकाशाचं. डेटम बदलून, अकरा बिंदू घेऊन परत बसवला. देवलगावच्या रेल्वे लाइनवर आता बरोबर येऊन रायला, आधी खरंच पूर्वेला होता पण मी लक्ष दिलं नव्हतं. बोडी आमच्याच वावरात. काल संध्याकाळी मोबाइल घेऊन गेलो, जिथं पाळ पडायला पाहिजे तिथं आमची एक धुरा, म्हणजे वावराचा बांध, आहे, बाकीच्या धुऱ्यांपेक्षा दुप्पट रुंद, आम्ही पोट्टे असताना तिच्यावरून सायकल चालवायचो, कधी मनात आलं नाही की ही एवढी रुंद काऊन. एका टोकाला पळसाच्या मुळात दोन घडीव दगड, एकाले गोल भोक. मामातलाव भाऊ, फोटो टाकतो, तुडुमचाच आहे का सांगा.

मग आजी. नकाशा तिच्यापुढं पसरला. तिले वाचता येत नाही, पण रेल्वे कोणती आन तलाव कोणता एवढं सांगितल्यावर तिनं बोट ठेवलं आन गाव सांगत गेली, एकबी चुकली नाही. इटियाडोहच्या जागी आल्यावर थांबली, म्हणाली इथं तिच्या मामाचं गाव होतं, धरणात गेलं. फुल्या विचारल्या त म्हणे, "पान्याच्या. तुझा आजा उन्हाऱ्यात बीटवर जाताना मले दाखवून जाये, आज या फुलीपर्यंत जातो, उद्या त्या फुलीवरून येतो. नाइ आला त कोनाले कुठं धाडाचं ते मालूम असावं म्हून." म्हणजे देवधान भाऊ, तुम्ही बरोबर.

बोडीचं विचारलं. आजी म्हणे आपलीच होय, म्हणजे गावाची होय पण आपल्या वावरात. आबाजीच्या बापानं एका दुष्काळात बोडी आटली तेव्हा आत धान लावला, गाळाच्या जमिनीत असा पिकला की दुसऱ्या वर्षी पाळ फोडली. गावात भांडण झालं होतं. कोणाशी? शेजारच्या काकाच्या आजाशी. त्यायच्या बांध्या बोडीच्या खाली होत्या, त्यायचं पानी गेलं.

गोंदियाची_सून
अरे देवा.

मामातलाव
दगडाचा फोटो पाहिला. तुडुमचाच आहे, शंभर टक्के. हलवू नका तिथून. दुसरा दगड उलटून पाहा, खालच्या बाजूला पण भोक असेल.

ग्रामसभा_जिंदाबाद
मग आता ग्रामसभेत नकाशा ठेवणार का? 🙂

बोडीकाठचा
बाबाले सांगितलं त बाबा म्हणे पेटी बंद कर आधी. मोठ्या काकाले सांगितलं त तो म्हणे हे नेटवर कायले टाकलं. मी आज सकाळी शेजारच्या काकाकडं चहाले जाऊन आलो. धानाच्या भावावर बोललो, डुकरायनं केलेल्या नुकसानीवर बोललो, बोडीचं तोंडापर्यंत आलं आन गिळलं. निघताना काकाच म्हणे, तुमच्या त्या रुंद धुऱ्याजवळ पावसाळ्यात भलतंच पानी साचते बे, आमच्याकडं सोडता येत असंल त पाहा.

देवधान
दुसरा दगड उलटून पाहिला का?

बोडीकाठचा
एकट्यानं उलटत नाही, जड आहे. रविवारी काकाच्या पोराले बोलावलं आहे.